जखम पाहून : सैनिकाच्या अपंगत्वाचें मोजमाप व त्याविरुद्ध दाद

१

मराठ्यांच्या लष्करी इतिहासाविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. लढाया, तह, सरंजाम, किल्ले यांची चर्चा विस्तारानें झालेली आहे. परंतु लढाईंतून जिवंत परतलेला, पण शरीरानें पूर्वीसारखा न राहिलेला शिपाई पुढें कसा जगला, राज्यानें त्याच्या शरीराची हानि कशी मोजली, आणि तें मोजमाप त्यास मान्य नसल्यास त्यानें दाद कोठें मागितली, या प्रश्नांकडे अभ्यासकांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. प्रस्तुत लेखांत याच प्रश्नांचा मागोवा घेण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यांतही जुनाट त्वचारोग हें उदाहरण आम्हीं मुद्दाम पुढें ठेविलें आहे. कारण तुटलेला हात कोणासही दिसतो, पण कधीं बळावणारा व कधीं विरून जाणारा इसब किंवा सोरायसिस मोजतांना प्रत्येक पद्धतीचें बळ व उणेपण दोन्ही उघडीं पडतात.

स्थळ म्हणून आम्हीं कुपवाड घेतलें आहे. सांगली व मिरज यांच्या शेजारचें हें गांव आहे. माधवराव पेशव्यांच्या अमदानींत मिरज पटवर्धनांकडे आली. १८०१ सालीं चिंतामणराव पटवर्धनांनीं वेगळें होऊन सांगलीचें संस्थान उभारलें. १९४८ सालीं हीं संस्थानें विलीन झालीं, १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. १९९८ सालच्या फेब्रुवारींत सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका स्थापन झाली. पटवर्धनी फौजेचा मुलूख, सातारा-सांगलीकडील लष्करभरतीची परंपरा व आजची औद्योगिक वसाहत असे तीन काळ एकाच परिसरांत सांपडत असल्यामुळें आमच्या विषयास हें स्थळ सोयीचें आहे.

२

मराठी साधनांत जखमी शिपायाच्या मोबदल्याचा सर्वांत प्रसिद्ध उल्लेख कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरींत आहे. १६५९ सालच्या नोव्हेंबरांत प्रतापगडाखालीं अफझलखानाचा मोड झाल्यावर शिवाजीमहाराजांनीं आपल्या लोकांची कशी वास्तपुस्त केली तें सभासद सांगतो. कामास आलेल्यांच्या मुलांस चाकरी दिली; ज्यांस पुत्र नव्हते त्यांच्या बायकांस निमें वेतन करून दिलें; आणि जखमी झालेल्यांस दोनशें, शंभर, पन्नास, पंचवीस होन अशा पायऱ्यांनीं जखम पाहून रकमा दिल्या, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. सभासदानें हें राजाराममहाराजांच्या काळीं जिंजीस लिहिलें. म्हणजे प्रसंगानंतर बराच काळ लोटला होता. आंकडे तंतोतंत धरण्याविषयीं मतभेद होऊं शकेल. तथापि राज्यकर्त्यानें कसें वागावें याची जी कल्पना त्या पिढीच्या मनांत होती, तिचा हा पुरावा आहे, यांत शंका नाहीं.

या उल्लेखांत आमच्या विषयाचीं तीन तत्त्वें बीजरूपानें सांपडतात. पहिलें असें कीं, हानीची प्रतवारी केली होती. सर्वांस सारखी बक्षिसी दिलेली नाहीं. दुसरें असें कीं, मोजमाप शरीर प्रत्यक्ष पाहून केलें. तिसरें असें कीं, देणारा व पाहणारा एकच होता. धनी स्वतः पाहणार व स्वतः देणार. मध्यें टिपण, मंडळ किंवा न्यायाधीश नाहीं. अशा रीतींत माया असते व वेगही असतो. परंतु ज्याची जखम उणी लेखिली गेली, त्यास पुन्हां त्याच धन्याच्या पायांशीं जाण्यावांचून मार्ग नव्हता.

पेशवाईंत ही चाल अधिक कागदी झाली. कामास आलेल्या शिपायांच्या मुलांबाळांस जी नेमणूक किंवा जमीन मिळे तिला बालपरवेशी म्हणत, व हा शब्द त्या काळच्या कागदांत वारंवार येतो. मिरजेस राहून वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दप्तरांतून जो ऐतिहासिक लेखसंग्रह प्रसिद्ध केला, त्यावरून या भागांतील सरदार व त्यांचे पथकी यांचा व्यवहार कसा पत्रांवर चाले तें दिसतें. मात्र या सर्व व्यवहाराचा पाया धन्याची कृपा हाच होता. जखम दिसत असेल तर कृपा होणें सोपें. तापानें, अन्नाच्या आबाळीनें किंवा पावसाळी मुक्कामांत चिघळलेल्या कातडीनें निकामी झालेल्या शिपायास 'जखम पाहून' या मापांत जागा मिळणें कठीण होतें.

३

इंग्रजी अमलांत शिपायाच्या पेन्शनास नियमांचें रूप आलें. दक्षिण कोंकणांत दापोली येथें कंपनीची छावणी होती, व पुढें तो गांव लष्करी पेन्शनरांची वस्ती म्हणून ओळखला जाऊं लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करांतून निवृत्त झाल्यावर प्रथम दापोलीस व मग साताऱ्यास येऊन राहिले, हें सर्वश्रुत आहे. पेन्शनर हा एक नवा सामाजिक वर्गच या काळांत महाराष्ट्रांत तयार झाला.

परंतु नियम आले म्हणून हक्क आला असें नव्हे. १८७१ सालच्या पेन्शन कायद्याच्या चौथ्या कलमानें, ब्रिटिश सरकारनें किंवा पूर्वीच्या कोणत्याही सरकारनें दिलेल्या पेन्शनाविषयीं अगर रोख वा जमीनमहसुलाच्या देणगीविषयीं दिवाणी न्यायालयांत दावा चालविण्यास मनाई केली. तक्रार कलेक्टराकडे न्यावी आणि त्याचा दाखला मिळाला तरच न्यायालयाचें दार उघडावें, अशी योजना होती. 'पूर्वीचें सरकार' या शब्दांत पेशवाईंतील देणग्याही आल्या. अशा रीतीनें मराठेशाहींतील धन्याची कृपा आणि इंग्रजींतील सरकारची कृपा या दोन्ही एकाच कलमाखालीं येऊन बसल्या. देणें सरकारच्या खुषीचें. त्यावर वाद नाहीं, हा त्याचा मथितार्थ होय.

पहिल्या महायुद्धानें ही स्थिति हालविली. ६ व्या पुणें डिव्हिजनमध्यें १०३ वी, ११० वी व ११७ वी या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा येथें त्या वेढल्या गेल्या व २९ एप्रिल १९१६ रोजीं त्या फौजेस शरण जावें लागलें. वेढ्यांत हिंदी शिपायांस रक्तपितीनें ग्रासलें. त्याच मुलखांत 'बगदादी फोड' नांवाचा त्वचारोग होता. वाळूमाशीच्या दंशानें एक सूक्ष्म परजीवी जंतु कातडींत शिरतो, फोड महिनेच्या महिने वाहतो, कित्येकदां वर्षभर टिकतो आणि जातांना तोंडावर वा हातांवर जन्माचा व्रण ठेवून जातो. हा रोग कृष्णाकांठीं होत नसे. जो शिपाई तो घेऊन आला, त्यानें तो चाकरींतच मिळविला हें निर्विवाद होतें.

दुसऱ्या महायुद्धांतील उदाहरण याहूनही बोलकें आहे. हिंवताप टाळण्यासाठीं ब्रह्मदेश व न्यू गिनी येथील फौजांस मेपाक्रिन नांवाच्या पिवळ्या गोळ्या हुकमानें देत. १९४३ च्या सुमारास असें आढळूं लागलें कीं, कांहीं सैनिकांस या औषधामुळें एक चिवट त्वचारोग जडतो. कातडी जाड व काळी पडते आणि चट्टे दीर्घकाळ राहतात. येथें शत्रूची गोळी नाहीं, जखम नाहीं. सरकारनेंच हातांत दिलेली गोळी आहे. 'जखम पाहून' हें जुनें माप अशा ठिकाणीं अपुरें पडतें. रोगाचें मूळ चाकरींत आहे कीं नाहीं, हा नवा प्रश्न उभा राहतो.

४

यापुढें अपंगत्वाच्या पेन्शनाचे दोन स्वतंत्र प्रश्न झाले, व ते वेगळे ठेवल्यावांचून पुढील इतिहास समजणार नाहीं. एक, रोग सेवेमुळें उद्भवला किंवा सेवेमुळें बळावला काय? दोन, त्यापासून शरीराची हानि शेंकडा किती? पहिल्याचें उत्तर 'नाहीं' आलें तर दुसऱ्याचा उपयोग राहत नाहीं.

पहिल्या प्रश्नांतील कळीचा मुद्दा म्हणजे संशयाचा फायदा कोणास द्यावयाचा. इंग्लंडांत १९१९ सालीं पेन्शनविषयक अपील न्यायाधिकरणें कायद्यानें स्थापन झालीं. १९४३ सालीं त्यांची पुनर्रचना झाली, व सिद्ध करण्याचा बोजा अर्जदारावर नसावा आणि वाजवी संशयाचा फायदा त्यासच मिळावा हें तत्त्व त्याच सुमारास राजाज्ञेंत घातलें गेलें. पुढें प्रसिद्धीस आलेले न्यायमूर्ति डेनिंग यांनीं हीं पेन्शन-अपिलें कांहीं वर्षें चालविलीं. १९४७ च्या मिलर प्रकरणांत पुराव्याच्या मापाविषयीं त्यांनीं जें विवेचन केलें तें आजही न्यायालयांत आधारास घेतात.

हिंदुस्थानांत स्वातंत्र्यानंतर हेंच तत्त्व नियमांत उतरलें. लष्कराच्या १९६१ च्या पेन्शन नियमावलींतील १७३ व्या नियमानें, सेवेमुळें उद्भवलेलें वा बळावलेलें व निदान २० टक्के असलेलें अपंगत्व पेन्शनास पात्र ठरविलें. १९८२ च्या पात्रता नियमांनीं तीन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या. भरतीच्या वेळीं रोगाची नोंद नसेल तर शिपाई निरोगी होता असें धरावें. पात्रता सिद्ध करण्याचा बोजा त्यावर टाकूं नये. आणि वाजवी संशयाचा फायदा त्यास द्यावा. त्या नियमांच्या जोडपत्रांत हवामानामुळें होणाऱ्या रोगांची यादी असून तींत हिमदंश व खंदकांत पाय कुजणें यांचा समावेश आहे. जखमेपुरती असलेली दृष्टि येथें हवापाण्यापर्यंत रुंदावली.

परंतु नियम व व्यवहार यांत अंतर पडलें. सोरायसिस, इसब, कोड अशा रोगांपुढें वैद्यकीय मंडळें पुष्कळ वेळां 'प्रकृतिजन्य' असा एकच शब्द लिहीत आणि सेवेशीं संबंध नाहीं असा शेरा देत. वैद्यकशास्त्र इतकें सरळ सांगत नाहीं. सोरायसिसची प्रवृत्ति जन्मतः असूं शकते हें खरें. पण मनावरील ताण, घशाचा संसर्ग, कोरडी थंडी, कातडीस होणारी इजा व कांहीं औषधें यांनीं तो उफाळतो हेंही तितकेंच खरें आहे. बीज घरचें असलें तरी तें कोणत्या जमिनींत व कोणत्या पाण्यावर उगवलें हें पाहिलें पाहिजे. 'बळावलेला' हा शब्द नियमांत याचसाठीं आहे.

५

आतां दुसरा प्रश्न, शेंकडेवारीचा. हात किंवा पाय गेला तर हानि स्थिर असते. मंडळ सोमवारीं बसलें काय आणि शनिवारीं बसलें काय, माप बदलत नाहीं. त्वचारोगाचें तसें नाहीं. थंडींत तळहात फाटून रक्त येतें, बूट पायांत जात नाहीं, रात्रभर खाजेनें झोंप लागत नाहीं. आणि मंडळापुढें उभें राहण्याच्या दिवशीं औषधानें किंवा ऋतुपालटानें कातडी जवळजवळ स्वच्छ दिसते. त्या दिवसापुरतें पाहणारा खोटें बोलत नाहीं, आणि अर्जदारही खोटें बोलत नाहीं. ज्याचें जळतें त्यालाच कळतें, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते.

हा पेंच अन्य देशांतही पडला. अमेरिकेंत निवृत्त सैनिकांच्या अपिलांसाठीं असलेल्या न्यायालयानें १९९४ सालीं आर्डिसन प्रकरणांत असें ठरविलें कीं, चढउतार होणाऱ्या त्वचारोगाची तपासणी तो शांत असतांना केली असेल तर ती अपुरी होय. रोग जोरांत असतांना ती करावी. तेथील कोष्टकांत इसबाचें माप शरीराचा किती भाग व्यापला आणि गेल्या बारा महिन्यांत सर्वांगावर परिणाम करणारीं औषधें किती काळ घ्यावीं लागलीं, यांवर बसविलेलें आहे. ५ टक्क्यांहून कमी भाग असल्यास शून्य, २० टक्क्यांपर्यंत १०, ४० टक्क्यांपर्यंत ३० आणि त्याहून अधिक असल्यास ६०, अशा पायऱ्या आहेत. तोंड व हात यांसारख्या उघड्या भागांचा विचार वेगळा केला जातो. या कोष्टकाचा मोठा गुण असा कीं, तें एका दिवसाकडे न पाहतां वर्षाकडे पाहतें.

आपल्याकडे शेंकडेवारीचें महत्त्व किती, हें एका हिशेबावरून कळेल. १ जानेवारी २००६ नंतरच्या नियमांप्रमाणें १०० टक्के अपंगत्वास शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के इतकी रक्कम मिळे व कमी अपंगत्वास त्या प्रमाणांत. वेतन ४०,००० रुपये धरल्यास पूर्ण अपंगत्वाची रक्कम १२,००० रुपये व २० टक्क्यांची २,४०० रुपये येते. ३१ जानेवारी २००१ च्या सरकारी पत्रानें ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व ५० टक्के धरावें, ५० ते ७५ पर्यंतचें ७५ धरावें आणि त्यापुढील १०० धरावें असें ठरलें. म्हणजे २० टक्के ठरलेल्याचे ६,००० रुपये होत. आणि मंडळानें १९ लिहिले तर सामान्यतः कांहींच नाहीं. एका टक्क्याच्या अंतरावर एका घराचें धान्य-किराणा अवलंबून राहतो. कारखान्याच्या दारावर रखवालदारी करणाऱ्या निवृत्त शिपायास, जेव्हां हातांच्या चट्ट्यांमुळें तेंही काम नाकारलें जातें, तेव्हां हें अंतर फार मोठें असतें.

६

दाद मागण्याचा मार्ग कसा घडत गेला, तें आतां पाहूं. १९७१ च्या देवकीनंदन प्रसाद प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें पेन्शन ही सरकारची खैरात नसून हक्क आहे असें सांगितलें. १९८२ च्या नकारा प्रकरणांत त्याचा अधिक विस्तार झाला. १८७१ च्या कायद्यामागील कल्पनेस शंभर वर्षांनंतर मिळालेलें हें उत्तर होय. १९९३ सालीं सॅपर मोहिंदरसिंग यांच्या प्रकरणांत, ज्या हिशेबी खात्यानें शिपायास पाहिलेंही नाहीं त्यानें तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळाचें मत डावलूं नये, असा निर्णय झाला. 'पाहून' या जुन्या शब्दाचा मान येथें पुन्हां राखला गेला.

२००८ च्या तरसेमसिंग प्रकरणांत अपंगत्वाच्या पेन्शनाचा दावा उशिरां आला तरी तो मुळांत मरत नाहीं, मात्र मागील बाकी साधारणतः तीन वर्षांपुरतीच मिळेल, असें ठरलें. २ जुलै २०१३ रोजीं धरमवीरसिंग यांच्या प्रकरणाचा निकाल लागला. सुमारें नऊ वर्षांच्या नोकरीनंतर झटक्यांच्या विकारामुळें त्यांस घरीं पाठविलें होतें व विकार प्रकृतिजन्य म्हणून पेन्शन नाकारलें होतें. न्यायालयानें १९८२ च्या नियमांचा अर्थ लावून सांगितलें कीं, भरतीच्या वेळीं नोंद नसेल आणि मंडळानें कारणें दिलीं नसतील, तर रोग सेवेंतच उद्भवला असें मानणें भाग आहे. हा निकाल झटक्यांविषयींचा असला तरी त्यांतील तर्क त्वचारोगास जसाच्या तसा लागू पडतो. २०१४ सालीं सुखविंदरसिंग प्रकरणांत, ज्यास अपंगत्वामुळें काढून टाकलें त्याचें अपंगत्व २० टक्क्यांहून अधिक धरावें, असें सांगितलें गेलें. आणि त्याच वर्षीं १० डिसेंबरास राम अवतार प्रकरणांत, मुदत भरून निवृत्त झालेल्यांसही वरील वाढीव टप्प्यांचा लाभ मिळाला.

या निकालांस व्यवहारांत उतरविणारी संस्था म्हणजे सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचा कायदा २००७ चा असून कामकाजास ऑगस्ट २००९ मध्यें आरंभ झाला. महाराष्ट्रासाठीं खंडपीठ मुंबईस आहे. प्रथम खात्यांतर्गत पहिलें अपील, तें फेटाळल्यास दुसरें, आणि त्यानंतर न्यायाधिकरण, असा क्रम आहे. कुपवाडच्या निवृत्त शिपायास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय सांगलींत मिळतें. मराठा लाइट इन्फन्ट्रीचें अभिलेख कार्यालय बेळगांवीं असतें. आणि निवाड्यासाठीं मिरजेहून रेल्वेनें मुंबई गांठावी लागते. सप्टेंबर २०२३ मध्यें नवे पात्रता नियम आले, व त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांस ते लागू झाले. त्यांत अपंगत्वाच्या रकमेचें नांवही बदललें. म्हणून अर्जदारानें आपल्या निवृत्तीची तारीख कोणत्या नियमांखालीं येते हें प्रथम पाहणें अवश्य आहे.

७

या सर्व प्रकरणांचा अभ्यास करितांना एक गोष्ट आमच्या ध्यानांत वारंवार आली. इतिहाससंशोधनांत जी पद्धति आपण प्रमाण मानतों, तीच येथें यशास कारण होते. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं बखरीहून अस्सल समकालीन कागदास अधिक मान दिला. निवृत्तीच्या वेळीं मंडळानें लिहिलेला एका ओळीचा अभिप्राय हा बखरीसारखा असतो. तो नंतरचा आहे व एका हातचा आहे. याच्या उलट, अमक्या ठाण्यावर, अमक्या महिन्यांत, अमक्या इस्पितळांत किती दिवस ठेवलें, कोणतें मलम व कोणत्या गोळ्या दिल्या, कोणत्या कामांतून सूट दिली, हे कागद त्या त्या दिवशींचे असतात. जो अर्जदार भरतीच्या तपासणीपासून निवृत्तीपर्यंतचे हे कागद तारीखवार लावतो, रोग उफाळला त्या काळचीं छायाचित्रें व मिरज-सांगलीच्या वैद्यांचीं टिपणें जोडतो, आणि कोणत्या नेमणुकीनंतर रोग वाढला तें दाखवितो, त्याची बाजू बळकट होते. केवळ दुःखाचें वर्णन करणाऱ्या अर्जास तेवढें बळ येत नाहीं. कागद हातीं नसल्यास वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची नक्कल मागावी. २००५ च्या माहितीच्या अधिकाराचा कायदा त्यासाठीं उपयोगीं पडतो.

तेव्हां साडेतीनशें वर्षांच्या या मार्गाचें फलित असें दिसतें. शिवकालांत माप होतें, मायाही होती, पण दाद नव्हती. इंग्रजी अमलांत नियम आले, पण दादीचें दार कलेक्टराच्या दाखल्यानें अडविलेलें होतें. आज दाद आहे, संशयाचा फायदा अर्जदारास आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाचे स्पष्ट निकाल आहेत. उणें आहे तें मोजण्याच्या जागीं. चढउतार होणाऱ्या रोगांसाठीं वर्षाचा विचार करणारें माप आपल्याकडील मंडळांनीं वापरावें व 'प्रकृतिजन्य' असें लिहितांना कारणें द्यावींत, इतकें झालें तरी कित्येक अपिलांची गरजच राहणार नाहीं. जखम पाहून द्यावें, हें सूत्र चांगलेंच होतें. पाहण्यास एक दिवस पुरत नाहीं, एवढेंच त्यांत आतां घालावयाचें आहे.

शेवटीं एक विनंति. कुपवाड, मिरज, तासगांव, खानापूर व सातारा या भागांतील अनेक घरांत जुनीं डिस्चार्ज-बुकें, पेन्शनचे हुकूम, अर्जांच्या नकला व नकारांचीं पत्रें ट्रंकांच्या तळाशीं पडून आहेत. घरच्या माणसांस तीं निरुपयोगी वाटतात. संशोधकास तीं मोलाचीं आहेत. ज्यांची संमति असेल त्यांनीं त्यांच्या नकला करून जपाव्यात, आजाऱ्याचीं खासगी नांवें झांकून मंडळाच्या दप्तरीं द्याव्यात. पटवर्धनांच्या दप्तरांतून जसा सरदारांचा इतिहास उजेडांत आला, तसा या ट्रंकांतून शिपायाचा येईल.